वजनाचा काटा आणि बालकाचे मन

अंगणवाडीत दरमहा बालकांची वजने घेतली जातात. त्या दिवशी आया आपापली मुले घेऊन येतात, सेविका एकेकाला काट्यावर उभे करते, आकडा वाचते आणि तो नोंदवून घेते. एवढ्या अवधीत भोवतालच्या मंडळींकडून काही उद्गार सहज निघून जातात. “याचे वजन पुन्हा कमीच भरले”, “हिच्या अंगाला खाल्लेले लागतच नाही”, “हा मात्र चांगला गुटगुटीत आहे”. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. परंतु काट्यावर उभे असलेले चार वर्षांचे मूल हे सारे ऐकत असते. त्याला किलोग्रॅम समजत नाहीत की वाढीच्या तक्त्यातील रेषा समजत नाहीत. मात्र आईचा चेहरा उतरला, हे त्याला नेमके समजते. आपल्या शरीरात काही तरी उणे आहे, एवढा बोध घेऊन ते काट्यावरून खाली उतरते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. नियमित वजन घेणे हे या योजनेच्या कार्याचे एक मुख्य साधन आहे आणि त्याची आवश्यकता आजही तितकीच आहे. वजन घेतले नाही तर खंगत चाललेले मूल वेळीच ध्यानात येत नाही. म्हणून काटा हवाच. विचार करावयाचा तो काट्याभोवतीच्या बोलण्याचा. ज्या आईला चारचौघींत आपल्या मुलाविषयी उणे शब्द ऐकावे लागतात, ती पुढील महिन्यात वजनाच्या दिवशी मुलाला घरीच ठेवू लागली तर नवल नाही; आणि मग ज्या मुलाची नोंद सर्वांत आधी व्हावयास हवी, नेमके तेच नोंदीबाहेर राहते. मुलाच्या मनात अन्नाविषयी व शरीराविषयी कोणती भावना रुजते, हा प्रश्न अशा रीतीने पोषणकार्याच्या गाभ्याशी येऊन भिडतो.

दुहेरी प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर २५.६ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. याच पाहणीत उंचीच्या मानाने अधिक वजन असलेल्या बालकांचे प्रमाण ४.१ टक्के आढळले. त्यापूर्वीच्या २०१५-१६ च्या फेरीत ते १.९ टक्के होते. म्हणजे अपपोषणाचा जुना प्रश्न सुटलेला नसतानाच अतिवजनाचा नवा प्रश्न उभा राहिला असून मधल्या अल्प काळात त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले आहे. हे दोन्ही प्रश्न आता एकाच गावात, कित्येकदा एकाच आळीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

अशा स्थितीत सर्व मुलांना “खा, खा” म्हणून चालत नाही की “कमी खा” म्हणूनही चालत नाही. आपली भूक ओळखणे, पुढे आलेले साधे अन्न आवडीने खाणे, पोट भरल्यावर थांबणे आणि आपल्या वा दुसऱ्याच्या अंगलटीची लाज न बाळगणे, या चार गोष्टी बारीक मुलाला जितक्या उपयोगी, तितक्याच स्थूल मुलालाही उपयोगी आहेत. त्या शिकविण्याचे वय शाळेत जाण्यापूर्वीच सुरू होते.

आकार म्हणजे आरोग्य नव्हे

‘बाळसेदार’ हा आपल्या भाषेतील कौतुकाचा शब्द आहे. तान्ह्या मुलाचे बाळसे पाहून घरच्यांना समाधान वाटावे, हे स्वाभाविकच होय. परंतु मूल चालू-धावू लागले की हे बाळसे निसर्गतःच झडते, हातपाय लांबतात, पोट सपाट होऊ लागते. हा वाढीचाच एक टप्पा आहे. त्याला ‘वाळला’ असे नाव देऊन त्यावर खाण्याची सक्ती हा उपाय योजणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध देणे होय.

मुलाची वाढ पाहावयाची ती त्याच्या स्वतःच्या रेषेवरून. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीची प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यांसाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील बालकांची मोजमापे घेण्यात आली होती. योग्य आहार, स्तनपान व आरोग्यसेवा मिळाल्यास या निरनिराळ्या देशांतील लहान मुलांची वाढ जवळजवळ सारखीच होते, असे त्यातून दिसून आले. “आमच्याकडची मुले लहानखुरीच असायची” असे म्हणून कमी वाढीकडे दुर्लक्ष करणे त्यामुळे योग्य नाही. तथापि या प्रमाणांतही निरोगी मुलांसाठी एकच आकडा नसून एक रुंद पट्टा आहे. त्या पट्ट्यात कोणी वरच्या बाजूला असेल, कोणी खालच्या. रेषा वर चढत आहे, थबकली आहे की घसरत आहे, हे महत्त्वाचे. शेजारच्या मुलाच्या आकड्याशी तुलना करून त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

नुसत्या डोळ्यांनी शरीर पाहून आरोग्याचा अंदाज बांधणे किती फसवे ठरते, याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील माता व नवजात बालके यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडची बालके सर्व अंगांनी लहान होती. त्यांचे स्नायू कमी होते. परंतु त्यांच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने दिसायला कृश, पण चरबीने तितके कृश नसलेले बालक जगाच्या निदर्शनास आणले. पुढील वर्षी डॉ. याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांच्याही वजन-उंचीच्या गुणोत्तराचा आकडा एकच, २२.३ असा होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. जे प्रौढ तज्ज्ञांच्या बाबतीत खरे, ते वर्गातल्या मुलांच्या बाबतीतही ध्यानी घेतले पाहिजे. बारीक मूल अशक्तच असते असे नाही, अंगाने भरलेले मूल सुदृढच असते असे नाही, आणि ते आळशी किंवा खादाड असते असे तर मुळीच नाही.

भूक कोणाची, निर्णय कोणाचा?

“पहिल्या वर्षी छान खात होता, आता तोंडच उघडत नाही”, ही तक्रार प्रत्येक अंगणवाडीत ऐकू येते. तिचे कारण बहुधा साधे असते. पहिल्या वर्षात बालकाचे वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते. दोन ते पाच या वयात मात्र ते वर्षाला साधारण दोन किलोच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. त्यातच एका दिवशी भरपूर व दुसऱ्या दिवशी थोडे खाणे ही लहान मुलांची रीतच असते. हे ठाऊक नसल्यामुळे घरात संघर्ष सुरू होतो. कोणी ताट घेऊन मुलामागे धावते, कोणी बुवाची भीती घालते, कोणी हाती मोबाइल देऊन नकळत घास भरविते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांवर या विषयाचे अनेक प्रयोग केले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही मुलांना एक नवे पेय प्यायल्याबद्दल बक्षीस वा शाबासकी देण्यात आली, तर काहींना ते नुसतेच देण्यात आले. बक्षीस मिळालेल्या मुलांची त्या पेयाची आवड पुढे कमी झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात “संपव, संपव” असा तगादा लावला असता मुलांनी सूप कमी घेतले व त्याविषयी नाराजीचे उद्गार अधिक काढले. याचा अर्थ उघड आहे. “भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन” असे म्हणताच भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असा धडा मूल शिकते. आपल्या हेतूच्या नेमका विरुद्ध!

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यावर कामाची एक सुटसुटीत वाटणी सुचविली आहे. कोणते अन्न, केव्हा व कोठे द्यावयाचे, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातील किती खावयाचे, हे मुलाने ठरवावे. जेवणाच्या व मधल्या खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, मधल्या काळात पाण्याखेरीज काही नसावे, आणि ताटावर बसल्यावर सक्ती नसावी. यात लाड नाहीत. मुलाने भात नाकारला म्हणून त्याच्यासाठी वेगळा पदार्थ करावयाचा नाही. पण जे पुढे आहे त्यातून त्याने दोनच घास घेतले तर रागवावयाचेही नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ही वाटणी निरोगी मुलासाठी आहे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असणे, दोन्ही पायांवर सूज येणे, वजनाची रेषा सतत घसरणे ही तीव्र कुपोषणाची लक्षणे होत. अशा मुलाची भूक कित्येकदा मेलेली असते. तिच्यावर विसंबून राहता येत नाही. त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात दाखवून वैद्यकीय सल्ल्यानुसार ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले पाहिजे. तसेच ज्या घरात ताटात वाढावयासच पुरेसे नाही, तेथे मुलाच्या आवडीनिवडीचे पाठ देणे व्यर्थ होय. तेथे शिधा, रोजगार व पूरक आहार वेळेवर पोहोचविणे, हेच पहिले कर्तव्य आहे.

ताटातील वळण

‘पानात टाकू नये’ हा आपल्याकडील जुना संस्कार आहे व तो मोलाचाही आहे. अन्न पिकविणाऱ्याच्या व रांधणाऱ्याच्या कष्टांचा मान त्यात आहे. मात्र मोठ्यांनी आपल्या अंदाजाने ताट भरावयाचे आणि मुलाने ते कसेही करून संपवावयाचे, हा त्या संस्काराचा विपर्यास झाला. त्याने मूल भुकेची खूण विसरते. प्रथम थोडेच वाढावे, हवे असल्यास पुन्हा मागण्याची मुभा द्यावी. मग पानात टाकले जात नाही आणि पोटावर जुलूमही होत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ दिल्यास हा अंदाज त्याला लवकर येतो.

नवी भाजी पहिल्या दिवशी नाकारली म्हणजे ती कायमची नाकारली, असे समजू नये. शेवग्याचा पाला, तांदुळजा, कारले यांसारखी चव मुलाच्या ओळखीची होण्यास आठ-दहा वेळा, प्रसंगी त्याहूनही अधिक वेळा ती ताटात यावी लागते. प्रत्येक वेळी चिमूटभर वाढावी, आग्रह न करता आपण स्वतः आवडीने खावी. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. जे वडील पालेभाजी बाजूला सारतात, त्यांनी मुलाला तिचे गुण सांगून उपयोग नाही.

बाजारात पाच-दहा रुपयांना मिळणाऱ्या चटकदार पुड्या हा आज खेडोपाडीचा प्रश्न आहे. त्यांत मीठ, तेल वा साखर भरपूर असते आणि त्या खाल्ल्या की जेवणाची भूक मरते. त्या रोज आणू नयेत, रडणे थांबविण्यासाठी हातावर ठेवू नयेत, हे खरे. परंतु “ते विष आहे, खाल्लेस तर भोपळा होशील” असे म्हणून भीती घालणेही योग्य नाही. घरात असून नाकारलेल्या पदार्थाची ओढ उलट वाढते. घरात शेंगदाणे-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, पेरू, बोरे सहज हाताशी असली की पुडीची जागा आपोआप कमी होते. सणाची पुरणपोळी किंवा वाढदिवसाचा गोड घास अपराधाच्या भावनेविना, आनंदाने खाऊ द्यावा.

शब्दांचे घाव

काडीपैलवान, हाडकुळी, जाड्या, ढोल्या, बुटकी, ही नावे वर्गात चिकटतात आणि वर्षानुवर्षे सुटत नाहीत. मुलेच ती ठेवतात असे म्हणून शिक्षकांनी हात झटकू नयेत; कित्येकदा ती प्रथम मोठ्यांच्याच तोंडून आलेली असतात. ज्याला ‘जाड्या’ म्हणतात तो मुलगा पळण्याच्या शर्यतीतून मागे सरतो, मैदानावर जावयाचे टाळतो आणि ज्याची त्याला सर्वाधिक गरज, तीच हालचाल बंद होते. कोणी चोरून खातो, कोणी जेवणच टाळतो. हिणवल्याने वजन आटोक्यात येत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई केली आहे. शरीरावरून केलेली नित्याची चेष्टा हा अशा छळाचाच प्रकार होय, याचे भान शाळेने ठेवावे.

मुलींच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. शेवटी जेवावयाचे, उरलेसुरले घ्यावयाचे, “पोरीच्या जातीने इतके खाऊ नये” हे ऐकावयाचे, ही शिकवण अजून पुष्कळ घरांत दिली जाते. आपली भूक ही लपविण्याची गोष्ट आहे, असे पाच वर्षांच्या मुलीला वाटू लागले की पुढे तिच्या ताटातील डाळ व भाजी कमी होत जाते. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण घरातील पंगतीचा क्रम हेही त्यांतील एक मानले पाहिजे. वयात येण्याच्या सुमारास मुलींचे अंग भरते, ते निसर्गक्रमानेच. त्या वेळी आई वा शिक्षिका यांनी दिलेला धीराचा एक शब्द पुष्कळ काम करतो.

शाळा व अंगणवाडी काय करू शकेल?

पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेखाली प्राथमिक शाळेतील मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. ही पंगत म्हणजे रोजचा एक पाठच आहे. शिक्षकांनी मुलांच्या सोबत बसून तेच अन्न खावे; मुलांना आळीपाळीने वाढण्याचे काम द्यावे; कोणी किती खाल्ले याची मोठ्याने मोजदाद करू नये; दुसऱ्यांदा मागणाऱ्याला हसू देऊ नये.

लहान मुलांना उष्मांक व जीवनसत्त्वे यांची व्याख्याने नकोत. मटकीला मोड आणणे, कडधान्ये हाताने निवडून ओळखणे, परसबागेत मेथी पेरून तिची जुडी शाळेच्या स्वयंपाकघरात नेऊन देणे, भाकरी कोठून आली याची गोष्ट शेतापासून तव्यापर्यंत सांगणे, ही त्यांची पोषणविद्या होय. स्वतः पेरलेली मेथी मुले चाखून पाहतात. शरीराविषयी बोलताना ते कसे दिसते यापेक्षा ते काय काय करू शकते यावर भर द्यावा. पाय धावतात, हात चित्र काढतात, पोट भूक लागल्याची सूचना देते, असे सांगावे. वर्गात उंच, बुटकी, बारीक, जाड अशी सर्व मुले असावयाचीच, जशी एकाच रानात निरनिराळी झाडे.

वजन-उंची घेताना एकेका मुलाला आडोशाला बोलवावे, आकडा हळू वाचावा आणि आईशी मुलाच्या अपरोक्ष बोलावे. बोलतानाही “तुमचे मूल कुपोषित” असा शिक्का न मारता, “रेषा दोन महिने थबकली आहे, आपण मिळून काय करू या” असे म्हणावे. मुलापुरते बोलावयाचे तर “बघू, तू किती वाढलास” एवढे पुरे.

पंचायतीची भूमिका

गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा भरविण्याची प्रथा आहे. तिच्यामागील हेतू चांगला असला तरी पुष्कळदा सर्वांत गुटगुटीत मुलाच्या गळ्यात माळ पडते आणि बाकीच्या आया खाली मान घालून परततात. २०२२ साली केंद्र शासनाने भरविलेल्या स्वस्थ बालक-बालिका स्पर्धेत वाढीच्या प्रमाणांनुसार निरोगी असलेल्या बालकांवर भर देण्यात आला, ही योग्य दिशा होय. पंचायतींनी आणखी एक पाऊल पुढे टाकावे. ज्या बालकांची वजने दरमहा नियमित घेतली गेली, ज्यांच्या लसी वेळेवर पूर्ण झाल्या, त्या सर्वांच्या पालकांचा सत्कार करावा. त्यात एकच विजेता व बाकी पराभूत असा प्रकार राहत नाही.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. वजनासाठी पडद्याचा आडोसा, बिनचूक काटा, परसबागेचे कुंपण व बियाणे, खेळाचे साहित्य ही थोड्या खर्चाची कामे त्यातून होऊ शकतील. शाळा व्यवस्थापन समितीने शाळेच्या फाटकाजवळील विक्रेत्यांशी बोलून पुड्यांऐवजी फुटाणे, शेंगा, फळे ठेवण्यास त्यांना राजी करावे. पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी नोंदवही तपासताना वजन कोठे व कसे घेतले जाते, हेही पाहावे. आकडा अचूक आहे, पण त्या आकड्यापायी मूल अंगणवाडीत यायचे बंद झाले आहे, अशी नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही; ती पाहणाऱ्याच्या नजरेलाच दिसावी लागते.

यातील बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही की नवा आदेश लागत नाही. बोलताना थोडा संयम आणि वाढताना थोडा धीर, एवढेच त्यांचे मोल आहे. पुढील महिन्यात वजनाच्या दिवशी काट्यावरून उतरणारे मूल हसत उतरले आणि त्याच्या पुढील महिन्यातही आईचे बोट धरून परत आले, म्हणजे काट्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजावे.